न दिसणारा आधार

एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, फॉर्म भरला की इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरात मुलाइतकीच घरच्यांचीही परीक्षा सुरू होते. आई तासातासाला चहा नेऊन ठेवते, काका भंवरकुआंच्या कुठल्या कोचिंगचा निकाल कसा लागला ते ऐकवतात, आत्या फोनवर “टेन्शन घेऊ नकोस हं” म्हणते. आणि पोरगं आणखीनच घुसमटतं.

आपल्या माणसांमुळे ताण सोसवतो, यात शंका नाही. शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये याविषयीचे तोवरचे अभ्यास तपासले. माणसांत मिसळून असणं एरवीही हिताचंच असतं, पण ताणाची झळ कमी करते ती मुख्यतः ‘वेळ पडली तर कुणीतरी आहे’ ही खात्री. मदत प्रत्यक्ष घ्यावी लागतेच असं नाही. संकट समोर आलं की मन दोन हिशेब करतं: हे केवढं आहे, आणि आपल्या हाताशी काय आहे? दुसरा हिशेब भक्कम असला की पहिला आकडा आपोआप लहान होतो. मग ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडण्याचा हुकूमही सौम्य जातो.

जेम्स कोन यांच्या 2006 च्या प्रयोगात विवाहित स्त्रियांना विजेच्या झटक्याची धास्ती घालून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग कमी चेतले. संसार सुखाचा असेल तिथे आणखीच कमी. नुसता नवरा असून भागत नाही, एवढं त्यातून निघतंच!

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा 2000 मधला अभ्यास. न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेला बसणारे आणि त्यांचे जोडीदार रोज वेगवेगळ्या नोंदी ठेवत. ‘आज मला आधार मिळाला’ असं परीक्षार्थीने लिहिलं की पुढे त्याची उदासी वाढलेली दिसे. जोडीदाराने आधार दिला, पण परीक्षार्थीला तो जाणवलाच नाही, तेव्हा मात्र ती उतरे. उघड आधार घेताना ‘मला हे झेपत नाही, हे यांनाही दिसतंय’ असं वाटत असावं.

तेव्हा आत्याबाईंनी धीर देण्यापेक्षा गॅसचा नंबर लावावा, काकांनी वीजबिल भरून टाकावं, आणि दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढू नये. अर्थात झोप उडाली, जगणंच नको वाटू लागलं, तर असं आडून वागणं कामाचं नाही. तिथे स्पष्ट विचारावं आणि डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते.