होमगार्डचा फॉर्म भरताय? आधी दाखल्यावरची तारीख पाहा

मागच्या नोंदणीच्या वेळी आमच्या गावातली चार पोरं पहाटेच जिल्ह्याच्या मैदानावर पोचली होती. त्यातल्या एकाला धावायलाच मिळालं नाही. कागदपत्रांच्या टेबलावर साहेबांनी त्याचा चारित्र्याचा दाखला उलटून पाहिला, तारखेवर बोट ठेवलं आणि फाइल परत दिली. "काका, दाखला तं हाय नं माह्याजवळ, शिक्का बी हाय," पोट्टा मला म्हणत होता. दाखला खरा होता, पण आधीच्या कोणत्यातरी भरतीसाठी काढलेला, साडेचार महिन्यांपूर्वीचा. होमगार्डला तो 3 महिन्यांच्या आतला लागतो. नवे बूट बांधून आलेला पोरगा तसाच एसटीने परतला.

म्हणून हे लिहितोय. आमच्याकडची पोरं धावण्यात कमी पडत नाहीत, अडतात ती बहुतेक टेबलावर.

आधी एक गैरसमज काढून टाका, ही नोकरी नाही. 1946 साली मुंबईत उभी राहिलेली ही स्वयंसेवकांची संघटना आहे, ब्रीद 'निष्काम सेवा'. महिन्याचा पगार नाही. गणपती, दुर्गादेवी, निवडणुका, रात्रीची गस्त अशा कामांना बोलावलं की जायचं. शहरातल्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर विसर्जनाच्या रात्री पोलिसाच्या शेजारी खाकीत जो उभा दिसतो, तो कित्येकदा खेड्यातला कास्तकाराचा पोरगा असतो. कर्तव्याच्या दिवसाचा भत्ता 570 रुपये होता, 2024 मध्ये तो 1083 झाला. पण महिन्यात किती दिवस बोलावतील हे कोणी सांगू शकत नाही. त्या भरवशावर ट्रॅक्टरचा हप्ता बांधून घेऊ नका. 3 वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत होमगार्डसाठीच्या 5 टक्के आरक्षणात अर्ज करता येतो आणि बहुतेक पोरं त्याच आशेने येतात. त्यात काही वाईट नाही.

पात्रता अशी: दहावी पास, वय 20 ते 50. पोलीस भरतीला 18 चालतं म्हणून 19 वर्षांची पोरं इथेही फॉर्म भरतात आणि बाद होतात. वय जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात, फॉर्म भरायच्या दिवशी नाही. उंची पुरुषांना 162 सेंमी, महिलांना 150. पुरुषांची छाती न फुगवता 76 आणि फुगवून किमान 5 सेंमी जास्त. पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर धावायचं. गोळा पुरुषांना 7.260 किलोचा, महिलांना 4 किलोचा. धावण्याचा सराव सगळे करतात, गोळा मात्र पहिल्यांदा मैदानावरच हातात घेतात.

आता चारित्र्याच्या दाखल्याबद्दल. तो पोलिसांचा पडताळणी दाखला हवा. पोलीस पाटलांनी किंवा सरपंचांनी लेटरपॅडवर लिहून दिलेलं 'वर्तणूक चांगली आहे' इथे चालत नाही, भलेही ते तुम्हाला जन्मापासून ओळखत असोत. ऑनलाइन अर्ज केला की तो ठाण्यात पडताळणीला जातो आणि बंदोबस्ताच्या दिवसांत तिथे पडून राहतो. म्हणजे लवकर काढला तर शिळा होतो, उशिरा काढला तर हाती येत नाही. जाहिरात निघाली त्याच दिवशी अर्ज टाका, आठवडाभराने ठाण्यात जाऊन विचारा. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात नाव आलेलं असेल तर लपवू नका, पडताळणीत ते निघतंच.

दुसरी अडचण हद्दीची. जागा पोलीस ठाण्यानुसार असतात आणि तुम्ही ज्या ठाण्याच्या हद्दीत राहता तिथलीच जागा धरायची. आमच्याकडे कित्येक गावांची तहसील एकीकडे आणि ठाणं दुसरीकडे आहे. पोरं तालुक्याचं नाव पाहून खूण करतात आणि फसतात. गाव कोणत्या ठाण्याला आहे हे पोलीस पाटलांना विचारा, ते अचूक सांगतील.

सुनांचं तर विचारूच नका. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, नाहीतर आधारवर अजून माहेरचाच पत्ता. अर्ज आता राहता त्या जिल्ह्यातच करायचा असतो. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा आणि आधारचा पत्ता जाहिरातीची वाट न पाहता बदलून घ्या. बाई धावण्यात पहिली यावी आणि आडनावावरून अडावी, हे पाहवत नाही.

खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. हा कागद कोणाकडेच नसतो. जिनिंगवाला म्हणतो, सीझनमध्ये सोडणार नाही. किराणावाल्याकडे तर लेटरहेडच नसतं. कोऱ्या कागदावर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घेऊन ठेवा, आणि तो चालेल का हे होमगार्डच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. नोकरी असून 'बेरोजगार' मात्र लिहू नका.

बाकी कागद नेहमीचेच: आधार आणि मतदान कार्ड दोन्ही, दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, अर्जाची प्रिंट. आयटीआय, एनसीसीचं प्रमाणपत्र किंवा जड वाहनाचा परवाना असेल तर तोही न्या. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. मैदानावर झेरॉक्सचं दुकान नसतं आणि असलं तरी त्या सकाळी तिथे शंभर जण उभे असतात.

"दोन हजार द्या, नाव लावून देतो" असं म्हणणारा एखादा दादा दरवेळी तालुक्याच्या चहाटपरीवर भेटतो. त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.