विहीर वावरात आहे, सातबाऱ्यावर नाही: सौर कृषी पंपाचा अर्ज नेमका कुठे अडतो

"माह्या वावरात इहीर आहे ना भाऊ, मंग कायले नाई म्हणते थे?"

अर्ज परत आल्याचा मेसेज मोबाईलवर दाखवत माणूस हाच प्रश्न विचारतो. विहीर खरंच असते. धडक सिंचनातली असते, रोहयोतली असते, नाहीतर बापाने कर्ज काढून खोदलेली असते. पाणीही असतं. फक्त ती सातबाऱ्यावर नसते, आणि सातबाऱ्यावर नसलेल्या विहिरीतून पोर्टलला पाणी दिसत नाही. गेल्या दोन वर्षांत मी जेवढे अर्ज भरून दिले किंवा दुरुस्त केले, त्यातले बहुतेक याच खड्ड्यात पडलेले होते. म्हणून ही माहिती पटवाऱ्यापासून सुरू करतो, कॉम्प्युटरपासून नाही.

आधी योजना काय आहे ते दोन शब्दांत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना महावितरण 2024 पासून राबवत आहे. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकी केंद्र आणि राज्य बघतं. पॅनल, पंप, कंट्रोलर असा पूर्ण संच मिळतो आणि 5 वर्षं दुरुस्ती व विमा त्यातच असतो. वीजबिल नाही, लोडशेडिंग नाही, आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन ओलीत करायला जाणं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाच्या भीतीने आणि बाकी ठिकाणी सापाच्या भीतीने ज्यांनी हरभऱ्याला रात्रीचं पाणी दिलं आहे, त्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल सांगावं लागत नाही. आपल्याच चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. कोराडी, खापरखेडा, तिरोडा वेगळेच. कोळसा इथला, राख इथली, आणि थ्री-फेज मात्र पाळीपाळीने, आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच.

पात्रतेत तीन गोष्टी बघतात. शेतात पाण्याचा खात्रीचा स्रोत हवा: विहीर, बोअर, शेततळं, किंवा बारमाही नदी-नाला. त्या शेतात पंपाची पारंपरिक वीजजोडणी नको. आणि अटल सौर कृषी पंप किंवा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेचा लाभ आधी घेतलेला नको. जलसंधारणाच्या कामातून झालेल्या साठ्यावर हा पंप बसवता येत नाही, हे बंधाऱ्याच्या काठी वावर असलेल्यांनी आधीच ऐकून ठेवावं.

पंप किती एचपीचा मिळेल ते जमिनीवर ठरतं. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, त्यापुढे पाच एकरापर्यंत 5 एचपी, पाच एकरावर साडेसात. इथे गंमत होते. आपण बोलतो एकरात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. अडीच एकर म्हणजे जेमतेम 1 हेक्टर 1 आर. एकाचा उतारा 0.98 हेक्टरचा होता, तो आयुष्यभर 'अडीच एकराच्या वर' सांगत आला आणि अर्जात 5 एचपी मागून बसला. महिना गेला. उतारा हातात घेऊन हिशेब करा, तोंडी नको. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो, मोठा नाही.

आता पटवारी. कागदावर त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात ते पटवारीच राहणार. विहिरीच्या किंवा बोअरच्या नोंदीसाठी त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी माणूस लाजतो. विहीर सरकारी योजनेतली असेल तर पूर्ण झाल्याचा दाखला पंचायत समितीतून काढून सोबत जोडा. नोंद फेरफाराने होते आणि फेरफाराला हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते. त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. म्हणजे सोमवारी अर्ज दिला आणि शुक्रवारी उतारा काढला तर विहीर त्यावर येणार नाही. लोक तोच जुना उतारा अपलोड करतात, अर्ज परत येतो, आणि शिव्या महावितरणला पडतात. ई-पीक पाहणीत सिंचनाचं साधन विहीर म्हणून जरूर टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका. ती त्या हंगामाच्या पिकाची नोंद आहे.

विहीर धुऱ्यावर आणि दोघा भावांत सामाईक असेल तर दुसऱ्याची संमती लागते. जमीन एकाहून जास्त नावांवर असेल तर सगळ्या खातेदारांची. आणि इथे खरी अडचण कागदाची नसते, घरातली असते. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. वारस नोंद करायची तर बहिणींची नावं चढतात, कारण 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मग 'बहिणीचं नाव लावायचंच कशाला' इथून चर्चा सुरू होते आणि पंप बाजूला राहतो. माझं ऐकाल तर बहिणीला फोन करा. बहुतेक जणी संमतीपत्रावर सही करतात. त्यांना राग येतो तो न विचारल्याचा. एक बहीण पुण्याला, एक सुरतेला असेल तर दिवाळीत किंवा अखजीला (अक्षय तृतीयेला) सगळ्या माहेरी येतात तेव्हाच सह्या करून घ्या. संमतीपत्राचा मजकूर आणि स्टॅम्प किती रुपयांचा, हे सेतूत विचारूनच घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याने 100-200 च्या स्टॅम्पच्या जागी 500 चा आणला, तेव्हापासून घरात पडलेल्या जुन्या कागदावर काम भागवण्याचा मोह नडतो.

तिसरी अडचण फक्त काही तालुक्यांची, पण तिथे ती सगळ्यांचीच. वरूडसारख्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की तो भाग 'डार्क झोन'मध्ये मोडतो. तिथे बोअर किंवा विहिरीवर पंप हवा तर भूजल सर्वेक्षण विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. हे अर्जासोबत हवं, नंतर आणतो म्हणून चालत नाही. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या पूर्णाकाठच्या शेतकऱ्यांची गोष्ट उलटी: बोअरला पाणी आहे पण खारं. त्यांनी शेततळ्यावर अर्ज करावा आणि शेततळ्याचीही नोंद उताऱ्यावर बघून घ्यावी. गडचिरोलीकडच्या वनहक्क पट्टेधारकांनी अर्ज भरण्याआधी पट्टा घेऊन महावितरणच्या उपविभागात एकदा जाऊन यावं. घरबसल्या भरलेला अर्ज उताऱ्याच्या रकान्यातच अडकतो.

बाकीचे कागद सगळ्यांकडे असतात: आधार, बँक पासबुक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतं का तेवढं बघा. 'बापूराव' आणि 'बापुराव' यावरून अडलेला अर्ज मी पाहिला आहे. हसू नका, त्या माणसाचा रब्बी गेला.

मोबाईल नंबर हा कागद नाही म्हणून कोणी त्याकडे बघत नाही, आणि तिथेच घात होतो. अर्ज भरणारा पोरगा घाईत स्वतःचा नंबर टाकतो. मग ओटीपी त्याला, त्रुटीचा मेसेज त्याला, पैसे भरायचा मेसेजही त्याला. तुम्ही वर्षभर वाट बघता. अर्ज सबमिट करण्याआधी नंबर मोठ्याने वाचून दाखवायला लावा. आणि तो नंबर बदलू नका. रिचार्ज संपला म्हणून नवं सिम घेतलं, तरी जुनं चालू ठेवा.

मुदतीबद्दलही घोळ आहे. व्हॉट्सअॅपवर दर महिन्याला 'उद्या शेवटची तारीख' फिरतं आणि सेतूत गर्दी होते. ते सोडून द्या. ज्या तारखा खऱ्या असतात त्या तुमच्या अर्जाच्या असतात: त्रुटी दुरुस्त करायची आणि हिस्सा भरायची. त्या मेसेजमध्ये येतात, पेपरात येत नाहीत. भरायची रक्कम महावितरणच्या पोर्टलवर तुमच्या अर्जापुढे दिसेल तीच. कोणी फोन करून 'लवकर मंजूर करून देतो, एवढे टाका' म्हणालं की फोन ठेवा. केंद्राच्या 'पीएम-कुसुम' या सौर पंप योजनेच्या नावाच्या बनावट वेबसाइट इतक्या निघाल्या की केंद्राच्या मंत्रालयाला स्वतः इशारे द्यावे लागले.

पोलसाठी, म्हणजे खांबावरच्या वीजजोडणीसाठी, पूर्वीच डिमांडचे पैसे भरून बसलेले लोक वेगळे. अर्जात तो प्रश्न सुरुवातीलाच येतो. जुनी पावती आणि तिच्यावरचा क्रमांक हाताशी ठेवा, 'नाही' म्हणून पुढे जाऊ नका. यातल्या अनेकांना सौर पंप नकोच असतो, त्यांना खांबच हवा असतो, आणि त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नाही. एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना वीज मोफत आहे. शेजाऱ्याच्या वावरात डीपी आहे, त्याला वीज फुकट, आणि मी मात्र 10 टक्के भरून रात्री बंद पडणारा पंप घ्यायचा? एका हाताने फुकट वीज द्यायची आणि दुसऱ्या हाताने सौर पंप विकायचा, ही सरकारची कसरत आहे. खांबाची वाट बघायची की पंप घ्यायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच विचारतो, डिमांड भरून किती वर्षं झाली?

रात्री बंद, हे मात्र नीट समजून घ्या. या पंपाला बॅटरी नसते. ऊन असेल तेवढंच पाणी. श्रावणातल्या झाकोळात धार बारीक होते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात दिवस लहान असताना कपाशी आणि हरभरा दोन्हीला पाणी हवं असतं. ज्यांनी रोज सकाळी नऊपासून वावर भागाभागाने ओलवायची सवय लावली ते खूश आहेत. एका दमात चार एकर भिजवायची सवय असलेले अजून कुरकुरत आहेत.

पैसे भरल्यावर पोर्टलवर कंपनी तुम्ही निवडायची असते. यादीतलं नाव दिसलं की बटण दाबायची घाई नको. त्या कंपनीचा पंप आसपास कोणाकडे आहे आणि बिघडल्यावर माणूस आला का, हे विचारून या. एकदा निवडली की तीच.

मग संयुक्त पाहणी होते: महावितरणचा माणूस, कंपनीचा माणूस आणि तुम्ही. तुम्ही स्वतः थांबा, पोराला पाठवू नका. बोअरची खोली सांगताना खोदली किती हे सांगून थांबू नका, मे महिन्यात पाणी किती खाली जातं तेही सांगा. पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती खोलीवरून उचलेल, हे त्यावर ठरतं आणि चुकला तर उन्हाळ्यात पंप फक्त गुरगुरतो. पॅनलच्या दक्षिणेला सागाची किंवा आंब्याची सावली येते का बघा, हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूला कललेला असतो. आपल्या काळ्या जमिनीत पाया उथळ राहिला तर उन्हाळ्यात भेगा पडून खांब तिरपे होतात, खड्डा भरण्याआधी उभं राहून बघा. आणि गाडीभाडं, सिमेंट, रेती, मजुरी यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ते सगळं तुम्ही भरलेल्या हिश्श्यात आणि अनुदानात आलं आहे. मागणाऱ्याचं नाव लिहून महावितरणच्या 1912 वर किंवा 1800-233-3435 वर कळवा.

एक बाजूचा प्रश्न हल्ली वारंवार येतो, म्हणून इथेच सांगून टाकतो. 'पंप नको, जमीनच सौर प्रकल्पाला भाड्याने देऊ का?' ती योजना वेगळी: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0. त्यात उपकेंद्राजवळच्या खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, आणि गावच्या कृषी वाहिनीला (शेतीपंपांच्या फीडरला) दिवसा वीज मिळायची सोय. अंतराची अट साधारण 5 किलोमीटरची, त्यामुळे आडरानातल्या बरड जमिनीला कोणी विचारत नाही. जमीन भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली, असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. पूर्व विदर्भात गावाची मोकळी दिसणारी जमीन नोंदीत बरेचदा झुडपी जंगल निघते, आणि मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती वनच मानायची आहे. त्यावर चार काट्यांची झुडपं असली तरी ग्रामसभेच्या ठरावाने पॅनल लागणार नाहीत.

पंप बसल्यावर शेवटचं काम. पॅनलवरचे आणि पंपावरचे क्रमांक दिसतील असे फोटो काढून ठेवा. चोरी झाली किंवा एप्रिल-मे मधल्या वादळाने पॅनल उडाले तर विम्यासाठी हेच क्रमांक लागतात. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार त्याच दिवशी करा, 'आधी शोधून बघतो' म्हणत आठवडा घालवू नका. आणि फोटो फक्त मोबाईलमध्ये ठेवू नका. मागच्या उन्हाळ्यात एकाच्या वावरातून पॅनलही गेले आणि खाटेवर ठेवलेला मोबाईलही.