कंडोम, विषाणू आणि खोबरेल तेल

‘एचआयव्हीचा विषाणू शुक्राणूपेक्षा कितीतरी लहान, रबराच्या छिद्रांतून तो सहज आरपार जातो, मग कंडोमचा उपयोग काय?’ असा मेसेज मोबाईलवर अधूनमधून फिरत येतो आणि चांगले शिकलेसवरलेले पुरुषही तो पुढे ढकलतात. विषाणू लहान आहे हे खरं. त्याचा व्यास साधारण 120 नॅनोमीटर, तर शुक्राणूचं डोकंच तीनेक हजार नॅनोमीटर रुंद. गफलत त्या ‘छिद्रां’त आहे.

गोव्यात सत्तरी, सांगे भागात रबराच्या बागा आहेत. तिथे झाडाला चीर देऊन वाटीत जो पांढरा चीक धरतात, तो म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म कण. कारखान्यात या चिकात गंधक वगैरे मिसळून काचेचे साचे बुडवतात. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. मग साचा पुन्हा बुडवतात. पहिल्या थरात भोक राहिलंच, तरी दुसऱ्यात नेमकं त्याच जागी पडणं कठीण. पुढे प्रत्येक नग धातूच्या दांड्यावर चढवून वीज लावतात. रबरातून वीज जात नाही. गेली तर भोक आहे, नग बाद. काही नमुन्यांत 300 मिलिलिटर पाणी भरून गळती पाहतात, काही हवेने फुगवतात. नेहमीच्या मापाच्या कंडोमने फुटण्याआधी किमान 18 लिटर हवा पेलायला हवी. शिवाय विषाणूला पोहता येत नाही. वीर्य, योनीस्राव, रक्त अडलं की तोही अडला.

या पापुद्र्याचा खरा वैरी आपल्या घरातल्या फळीवर असतो: खोबरेल तेल. रबराचा रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनची हजारो कड्यांची साखळी. अशा असंख्य साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. नुसता गुंता ताणला तर त्या घसरतात. कच्चं रबर उन्हात चिकट होतं ते त्यामुळेच. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेची युक्ती सापडली: गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. आता ताणलं तर साखळ्या सरळ होतात, सोडलं की पुन्हा वेटोळ्या. हे घडवते एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीत होण्याकडची निसर्गाची ओढ, कारण ताठ राहण्याची तऱ्हा जवळजवळ एकच आणि वेटोळं होण्याच्या अगणित.

या जाळ्यात खोबरेल सोडा. तेलाच्या रेणूंच्या लांब शेपट्याही कार्बन-हायड्रोजनच्याच, त्यामुळे पाण्याला दाराबाहेर ठेवणारं रबर तेलाला आत घेतं. साखळ्या दूर सरतात, जाळं फुगतं, तेवढ्याच ताणाला फाटतं. त्यात झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गानुसार (जाडी गुणिले जाडी) बदलतो. कंडोमची जाडी सुमारे 0.07 मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाड रबरापेक्षा त्यात तेल जवळपास 200 पट लवकर पोचतं. काही मिनिटं पुरतात. बेबी ऑइल आणि व्हॅसलीनचंही तेच. पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारित वंगणाची जेली मात्र चालते. गुदमैथुनात, मग जोडीदार पुरुष असो वा स्त्री, नैसर्गिक ओलावा नसल्याने जेली लागतेच, आणि ऐनवेळी हात जातो तो खोबरेलाच्या बाटलीकडे! स्कूटरच्या डिकीत मे महिनाभर तापलेलं पाकीटही फेकून द्या. उष्णता आणि ऑक्सिजन मिळून साखळ्या तोडतात.

दरवेळी नीट वापरला तर कंडोम एचआयव्हीची लागण सुमारे 80 टक्क्यांनी कमी करतो. परमा आणि क्लॅमिडियाही स्रावातून पसरतात, तिथेही तो कामाचा. सिफिलिसचा व्रण, जननेंद्रियाची नागीण (हर्पिस) किंवा चामखिळी आणणारा एचपीव्ही विषाणू मात्र कंडोमने न झाकलेल्या कातडीवरही असू शकतात, तिथे तो काय करणार? नंतर लघवी केली, लिंबू चोळलं की जंतू मरतात, हे खोटं. लिंबाने कातडी सोलवटेल आणि जंतूंना वाट मोकळी होईल. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग शर्तिया इलाज’वाल्यांबद्दल न बोललेलंच बरं.

खरा उपाय तपासणी, आणि तिची भीती गोव्यात जुनी आहे. 1989 मध्ये डॉमनिक डिसोझा या रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस डांबलं होतं. आज 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त राहतो. व्रण, स्राव किंवा जळजळ असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मिळतात. शंका विचारायला 1097 हा मोफत क्रमांक आहे. जाताना जोडीदारालाही न्यावं, नाहीतर एकाचा बरा झालेला परमा दुसऱ्याकडून परत येतो.