मूत्रमार्ग संसर्ग

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय किंवा मूत्रनलिका यांत जंतू वाढून दाह होणे म्हणजे मूत्रमार्ग संसर्ग. मूत्राशयापुरता मर्यादित राहणारा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून अंगातल्या उष्णतेला बोल लावला जातो. ते अगदीच निराधार नाही. घाम जाऊन पाणी कमी पडले की लघवी गडद होते आणि जळजळते, पण ही जळजळ भरपूर पाणी प्याल्यावर थांबते. थेंब थेंब लघवी, पुन्हा पुन्हा लागणारी घाई, ओटीपोटातील दुखणे किंवा लघवीत रक्त दिसू लागले तर जंतूंचा संशय घ्यावा. धने-जिऱ्याचे किंवा वाळ्याचे पाणी पोटात गेले तर चांगलेच. झालेला संसर्ग मात्र त्याने बरा होत नाही.

साध्या संसर्गांपैकी सुमारे ७५ टक्के एश्चेरिखिया कोलाय (ई. कोलाय) या जंतूमुळे होतात. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. हा आपल्याच मोठ्या आतड्यातला रहिवासी. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रनलिकेच्या तोंडाशी येतो आणि वर चढतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीची, पुरुषांची त्याच्या चौपटीहून अधिक. म्हणून स्त्रियांना हा त्रास कितीतरी जास्त होतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, योनीमार्गातील लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू कमी होतात आणि ई. कोलायला जागा मोकळी मिळते.

मूत्राशयात पोचला तरी लघवीबरोबर वाहून जाण्याचा धोका जंतूला असतोच. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला ‘फिमएच’ नावाचे प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज या शर्करेला ते चिकटते. लघवीचा प्रवाह जोराने ओढू लागला की ही पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते. शरीराकडेही प्रतिडाव आहे. मूत्रपिंडे लघवीत युरोमोड्युलिन हे प्रथिन सोडतात. त्याच्यावरही मॅनोज असल्याने जंतू फसून त्यालाच चिकटतात आणि बाहेर फेकले जातात. जे वाचतात, ते अस्तराच्या पेशींत शिरून तिथे दाट वसाहती करतात. हे आधी उंदरांत दिसले, नंतर रुग्ण स्त्रियांच्या लघवीतही त्याच्या खुणा सापडल्या. शरीर अशा पेशी झटकून टाकते, पण खालच्या थरात काही जंतू निपचित पडून राहू शकतात. औषधाने बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी दुखणे परत येते, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

लघवी तुंबवून ठेवली की जंतू धुऊन जाण्याची ही वाट अडते. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या किंवा विड्या वळत दिवसभर बसणाऱ्या बाया, अथणी-रायबागकडच्या उसाच्या फडातील तोडणी कामगार, बाजारात भाजी विकणाऱ्या मावश्या यांना स्वच्छ आडोसा जवळ नसेल तर त्या पाणीच कमी पितात. याला बाईचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. कामाच्या जागी संडास बांधणे हा या आजाराच्या प्रतिबंधाचाच भाग आहे.

जंतू मूत्रवाहिनीतून वर मूत्रपिंडापर्यंत गेले तर थंडी वाजून ताप, कुशीत किंवा कमरेच्या एका बाजूला दुखणे आणि उलट्या होतात. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. जंतू रक्तात पसरू शकतात. प्रोटियस हा दुसरा जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याने लघवी अल्कधर्मी होऊन मुतखडे बनतात. लघवीची नळी घातलेल्या रुग्णांत जंतू नळीवर चिकट थर धरतात आणि औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही.

निदानासाठी सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घेतात. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, दर मिलिलिटरला १,००,००० किंवा अधिक जंतू, ही संसर्गाची रूढ खूण. लक्षणे असतील तर कमी संख्याही महत्त्वाची ठरते. खानापूरच्या एखाद्या वाडीवरून नमुना एस.टी.ने बेळगावला नेताना दोन तासांहून अधिक वेळ तो उबेत राहिला, तर डबीतच जंतू वाढतात आणि अहवाल चुकतो. बर्फाच्या थंडाव्यात नेला तर हे टळते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना द्यावा. मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या आणून बरे वाटताच सोडून देण्याची सवय जाचक ठरते: नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे ई. कोलाय भारतात आज सर्रास सापडतात, म्हणून कल्चरमध्ये लागू पडणारे औषध पाहूनच उपचार ठरवणे उत्तम. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक अजूनही बहुधा उपयोगी पडते. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या संसर्गात ते पुरेसे नसते.

गरोदरपणात काहीही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. त्यांवर उपचार न झाल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याची शक्यता बरीच वाढते, त्यामुळे पहिल्या तपासणीच्या वेळीच लघवीचे कल्चर करून घेतात.