जेडचा घोळ

दोन वर्षांपूर्वी एक व्हिडिओ बघून मी घरच्या जेडची आठ पानं खुडली, दोन दिवस सावलीत ठेवली आणि ओलसर मातीवर ओळीनं मांडली. व्हिडिओत प्रत्येक पानाच्या बुडाशी गुलाबी मुळं फुटली होती. माझी पानं आधी सुरकुतली, मग वाळली, आणि एके दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं उडून गेली. पुन्हा आठ लावली, पुन्हा तेच. आपल्या हाताला गुणच नाही म्हणून मी नाद सोडला. खरी गोष्ट नंतर कळली: माझ्याकडे जेड नव्हतंच.

आपल्याकडे नर्सरीत काळ्या पिशवीत ‘जेड’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं. मूळचं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. दोन्ही दक्षिण आफ्रिकेकडची, दोघांची पानं जाड, तुकतुकीत, समोरासमोर जोडीनं येणारी. नर्सरीवाला फसवतो असं मी म्हणणार नाही, त्यालाही ते याच नावानं आलेलं असतं. बोन्सायवाले तर सर्रास पोर्टुलाकारियालाच जेड म्हणतात. आणि वनस्पतीशास्त्रज्ञ तरी कुठे सुटलेत? पोर्टुलाका म्हणजे आपली घोळ, भाजीची. पोर्टुलाकारिया हे नाव घोळीवरूनच पडलं, आणि क्रासुला ओव्हाटालाही पूर्वी ‘क्रासुला पोर्टुलासिया’, म्हणजे घोळीसारखी क्रासुला, असं एक नाव होतं. दोघांच्याही नावात घोळ आहे!

नात्यानं मात्र घोळीच्या जवळची एकटी पोर्टुलाकारियाच. खरं जेड पानफुटीच्या कुळातलं. मला हे एवढं कळलं आणि बाकीचं आपोआप उलगडत गेलं.

बाजारातून घोळीची जुडी आणा आणि कुंडीशेजारी धरा. लालसर देठ, नखाएवढी गोलसर पानं, आडव्यातिडव्या पसरणाऱ्या फांद्या. पोर्टुलाकारियाच्या कोवळ्या फांद्या अशाच लालसर-तपकिरी असतात, आणि पेरांवर किंचित फुगलेल्या. खऱ्या जेडचं पान तीन ते पाच सेंटीमीटर, कधी त्याहूनही मोठं, आणि जाडीला चांगलंच भरलेलं. कोवळी फांदी हिरवी, गुबगुबीत. जुनं खोड राखाडी होतं, पण आतून पाणीदारच राहतं, धक्का लागला तर काकडीसारखं कटकन मोडतं. चांगलं ऊन मिळालं की पानांच्या कडा लाल होतात. काही वर्षांचं झाड असेल आणि थंडी बरी पडली तर पांढऱ्या-गुलाबी चांदण्यांसारखी फुलंही येतात. पोर्टुलाकारियाला कुंडीत फूल क्वचितच.

पानफुटीचं पान जमिनीवर पडलं तरी त्याला रोपं फुटतात, हे आपण लहानपणी वहीत पान ठेवून बघितलेलं असतं. जेडनं तो गुण घेतलाय, पानापासून नवं रोप होतं. पोर्टुलाकारियाच्या नुसत्या पानाकडून तशी आशा धरू नये, तिची फांदीच लावायची. तिकडे दक्षिण आफ्रिकेत तिला हत्ती खातात. आफ्रिकान्स भाषेत तिचं नाव स्पेकबूम, म्हणजे चरबीचं झाड. अॅडो इथलं हत्तींचं राष्ट्रीय उद्यान १९३१ साली झालं, तिथल्या हत्तींचं हे आवडतं खाणं. हत्ती वरून ओरबाडतो, फांद्या खाली पडतात, त्यांना मुळं फुटतात, झाडाचा घेर वाढतो. शेळ्या मात्र बुडापासून खातात, आणि त्या भागातली या झाडांची रानंच्या रानं त्यांनी उजाड केली. म्हणून मी कात्री घेतली की हत्तीच्या बाजूनं विचार करते: शेंडे खुडायचे, बुंध्याजवळचा घेर राखायचा. कापलेली फांदी तीन-चार दिवस सुकू द्यायची, जखम बंद झाली की मातीत. एवढं पुरतं.

आता पाण्याचं. इथेच जास्त झाडं मरतात.

बेंजामिन हेन नावाचा वनस्पतीतज्ज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात होता. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव होतं, हे त्यानं चाखून नोंदवलं, आणि १८१५ साली ते छापून आलं. कारण पुढे सापडलं. ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून पाणी वाचवतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. या पद्धतीला नावही क्रासुलाच्या कुळावरूनच मिळालंय. जेड असंच जगतं, सावकाश आणि काटकसरीनं. पोर्टुलाकारिया दोन्हीकडची: पाणी भरपूर असलं की साध्या झाडासारखी दिवसा काम करते, ओढ पडली की रात्रपाळी धरते.

म्हणून ‘आठवड्यातून एकदा पाणी’ ही चिठ्ठी दोघांना सारखी लागू पडत नाही. गच्चीवरच्या उन्हात लहान कुंडीतल्या पोर्टुलाकारियाला एप्रिलमध्ये मी दर तीन-चार दिवसांनी पाणी घालते, ती जोमानं वाढते. जेडला माती आतपर्यंत कोरडी होऊन पानं जराशी मऊ लागेपर्यंत थांबायचं. पान सुरकुतलं तर तहान, पिवळट, पारदर्शक होऊन बोटाला पचपचीत लागलं तर मुळं कुजताहेत. जूनपासून जेड छपराखाली हलवते, मुंबई-कोकणच्या पावसात ते उघड्यावर ठेवणं म्हणजे त्याला निरोप देणंच. नर्सरीतून आलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर दोघांचंही पहिल्याच आठवड्यात बदलावं. मी निम्मी माती, निम्मे विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू घेते. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटात बुडवलेल्या कापसानं पुसून काढायचा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र ओळख पटवूनच घ्या. पोर्टुलाकारियाचं पान माणसंही खातात, चव आंबटसर. जेड खाल्लं तर मांजराला उलट्या होतात. आणि नर्सरीतून आणल्या आणल्या कुठलंच पान चाखू नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं.

मागच्या डिसेंबरात मैत्रिणीनं तिच्या जेडचं एक पान कागदात गुंडाळून दिलं. पाचव्या आठवड्यात त्याच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढी दोन पानं आली.