गणपतीचा हात का निखळतो?

श्रावण लागला की शाडूच्या कार्यशाळांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात 'पाण्यात सहज विरघळणारी माती' हे वाक्य हमखास असतं. शाडू विरघळत नाही. मीठ विरघळतं, साखर विरघळते. शाडूचे कण पाण्यात नुसते सुटे होतात आणि तळाशी बसतात. मुलांना घेऊन घरी मूर्ती करताना जे जे बिनसतं, त्यातलं बरंचसं हे कण आणि त्यांच्यामधलं पाणी यांच्यामुळेच.

शाडूतले चिकणमातीचे कण चपटे असतात, बहुतेक २ मायक्रॉनपेक्षाही लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर सहज सरकतात, पण ओढून वेगळ्या होत नाहीत, तसंच इथे होतं. म्हणून शाडूला हवा तो आकार देता येतो आणि दिलेला आकार टिकतोही. १ किलो कोरड्या शाडूत आधी पाव लिटर पाणी घालावं, मग लागेल तसं चमच्याने वाढवावं. मळून झाल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावं, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं पोचतं. बोटाएवढी वळी वाकवून पाहा : भेग पडली तर पाणी कमी, बोटांना माती लागली तर जास्त.

खरी गंमत वाळताना आहे. पाणी उडू लागलं की कणांमधल्या फटींच्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि पृष्ठताणामुळे आजूबाजूच्या कणांना जवळ खेचतो. फट जितकी बारीक, तितकी ही ओढ जास्त. फटीची त्रिज्या १ मायक्रॉन असेल तर ती सुमारे १.४ वातावरण दाबाइतकी भरते, ०.१ मायक्रॉन असेल तर सुमारे १४. एवढ्या ओढीने कण सरकतात आणि मूर्ती आकसते. ८ इंचांची मूर्ती वाळेपर्यंत अर्धा इंच सहज कमी होते. पुढे कण एकमेकांना टेकले की आकसणं थांबतं. मग फटींतलं उरलेलं पाणी जाऊन तिथे हवा शिरते आणि रंग फिकट पडतो. थोडक्यात, रंग गडद आहे तोवर धोका; फिकट पडलेला भाग आता आकसणार नाही.

मूर्ती सगळीकडून सारखीच आकसली असती तर तडे गेलेच नसते. पण सोंड, कान, हात बारीक. ते एका दिवसात वाळतात. पोट तेव्हा आतून ओलंच असतं. हात आकसतो, खांदा आकसत नाही, आणि सगळा ताण सांध्यावर येतो. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. हात निखळतो तो इथे. त्याला अपशकुन म्हणून मुलांना घाबरवणारी मंडळी घरोघर असतात. त्यांना खुशाल पंखा बंद करायला पाठवावं.

कारण पंखा आणि ऊन दोन्ही नकोत. मूर्ती सावलीत ठेवावी, पहिले दोन दिवस सोंडेवर आणि हातांवर दमट फडकं किंवा प्लॅस्टिक सैलसर घालावं. पोट खालच्या बाजूने चमच्याने कोरून भिंत अंगठ्याएवढी जाड ठेवली की आतबाहेर वाळण्यातला फरक कमी होतो. जोडायच्या दोन्ही भागांची माती सारखीच ओली हवी. दोन्हीकडे खिळ्याने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात, मध्ये शाडूचाच दाट चिखल लावावा आणि दाबून बसवावं. आधाराला हातात आगकाडी किंवा तार खुपसायचा मोह सगळ्यांनाच होतो. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि भेग काडीच्या बरोबरीने धावते. त्यापेक्षा मळतानाच चिमूटभर पिंजलेला कापूस घालावा. मूर्ती गुळगुळीत करायला मुलं सारखी पाण्यात बोट बुडवतात, त्याने वरचा थर आतल्यापेक्षा ओला होतो आणि नंतर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. पाण्याची वाटी उचलून ठेवून ओला स्पंज द्यावा.

आता विसर्जन. ओली माती पाण्यात लवकर सुटेल असं वाटतं ना? घरी करून पाहण्यासारखं आहे : लिंबाएवढे दोन गोळे करा, एक पूर्ण वाळवा, दुसरा प्लॅस्टिकमध्ये ओला ठेवा, मग दोन्ही पाण्यात सोडा. कोरड्यातून बुडबुडे निघतात, कडा ढासळतात आणि थोड्या वेळात त्याचा ढीग होतो. ओला तासन्‌तास तसाच बसतो. वाळताना कणांना खेचणारी तीच ओढ इथे उलटते : कोरड्या फटी चहूबाजूंनी पाणी शोषतात, आतली हवा कोंडते, दाबली जाते आणि माती आतून फोडते. ओल्या गोळ्यात फटी आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे फोडायला हवाच नसते. म्हणून मूर्ती आतपर्यंत वाळलेली हवी. आणि ऑइल पेंट लावला की फटींची तोंडं बंद. मग शाडू असूनही मूर्ती बादलीत हट्टाने उभी राहते. गेरू आणि हळद पुरेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं प्रकरण वेगळं, तिथे पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन जिप्समचे स्फटिक एकमेकांत गुंततात, म्हणून ते शाडूसारखं पाण्यात सुटत नाही.

बादलीतला गाळ झाडाला घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. निव्वळ शाडू कुंडीत ओतली तर वर घट्ट थर बसतो आणि पाणी मुरत नाही. त्यापेक्षा दोन दिवसांनी वरचं पाणी ओतून टाकावं, गाळ जुन्या सुती कापडावर पसरावा आणि मळता येईल इतका आळला की डब्यात भरावा. डब्याला काही महिन्यांनी कुबट वास येतो. ते जिवाणूंचं काम, माती टाकून देऊ नये. उघड्यावर मळली की वास जातो.