रेडिएटरच्या आतली कल्हई

“साहेब, कोल्हापुरात कुठं बर्फ पडतोय? साधं पाणी ओता की!” रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, घालायचा विषय निघाला तेव्हा उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी हा सल्ला दिला, त्याला बरीच वर्षं झाली. पण उन्हाळा लागला की तो अजूनही कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतोच. त्यातलं बर्फाचं खरं आहे. आपल्याकडं थंडी कितीही बोचरी असली तरी पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही. घोटाळा नावाचा आहे. थंड देशांनी कूलंटला ‘अँटीफ्रीझ’ (गोठू न देणारं) म्हटलं आणि त्याची बाकीची कामं त्या नावाआड गेली.

एक काम उकळी लांबवण्याचं. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपात हा द्रव वाहून नेतो. आता उष्णता वाहण्यात खरं तर साधं पाणीच सरस. त्यात इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मिसळलं की ती क्षमता थोडी घटते. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं ग्लायकॉल घातलं की उकळबिंदू सात-आठ अंशांनी चढतो, आणि रेडिएटरच्या टोपणाखालचा दाब धरला तर सव्वाशेच्या घरात जातो. कोकणातून गगनबावड्याचा घाट चढणाऱ्या गाडीला हीच शिल्लक वाचवते. गरम इंजिनाचं टोपण उघडलं की तो दाब क्षणात जातो आणि आतला द्रव उसळून तोंडावर येतो. तेव्हा ते उघडायचंच नाही.

पण मला भुरळ घातलीय ती गंज रोखण्याच्या कामानं.

इंजिनाचा ब्लॉक अनेक गाड्यांत बिडाचा असतो (असे ब्लॉक आपल्याच फाउंड्र्यांत ओतले जातात), त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं, आणि दोन्हींना भिडून एकच पाणी फिरतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी, म्हणजे शाळेतला विद्युतघटच! त्यात बळी जातो ॲल्युमिनियमचा. त्याचे आयन (विद्युतभारित कण) पाण्यात उतरतात आणि हेडला बारीक खड्डे पडतात. त्यात ग्लायकॉल स्वतःही उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू आम्लात बदलतं. म्हणजे द्रवच आंबट होत जातो. आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचा कोळ ठेवू नये हे घरोघरी ठाऊक आहे.

आंबटाला पितळी भांड्यात उत्तर होतं कल्हई. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधली सिलिकेटं नेमकं हेच करतात: धातूवर सगळीकडं पातळ थर चढवतात. काम झटपट होतं, पण माल लवकर संपतो, म्हणून दोनेक वर्षांत पुन्हा कल्हईवाला बोलवायचा. नव्या, लांब मुदतीच्या कूलंटमध्ये मात्र कार्बोक्झिलेटं, म्हणजे सेंद्रिय आम्लांचे क्षार, असतात. त्यांतलं एक सेबासिक आम्लाचं, आणि ते आम्ल चक्क एरंडेलापासून बनतं! हा कल्हईवाला भांडंभर हात फिरवत नाही. जिथं धातूचा आयन बाहेर पडू लागतो तिथंच कार्बोक्झिलेटाचं ऋणभारित टोक त्याला धरतं आणि न विरघळणारा ठिपका तयार होतो; तेलकट शेपटी पाण्याकडं तोंड करून पाणी दूर ठेवते. गंज स्वतःच स्वतःच्या तोंडावर झाकण ओढून घेतो म्हणा ना. माल फक्त गरजेपुरता खर्च होतो, म्हणून तो वर्षानुवर्षं पुरतो.

हेच रसायन तुम्ही बाथरूममध्ये रोज बघता. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरा साका होतो, कारण साबण हेही कार्बोक्झिलेटच, आणि कॅल्शियम त्याला पकडून खाली बसवतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं की गंजरोधकाचंही तसंच होऊ शकतं. शिवाय क्षारांचं पुट चढतं ते वेगळंच. म्हणून डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना ‘ॲसिड नको, पाणी द्या’ एवढं बजावून सांगा.

हिरवा चांगला की लाल, हा वाद व्यर्थ आहे. तो नुसता रंग आहे, त्याला सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघावा आणि दोन जातींची खिचडी करू नये. आणि जाळीसमोर दर अमावस्येला बांधलेलं लिंबू-मिरची? लिंबात सायट्रिक आम्ल असतं. ते बाहेरच राहतं, हीच काय ती त्याची कृपा.

आता घरचं काम. इंजिन पूर्ण गार. खाली घमेलं, टोपण उघडायचं, रेडिएटरचा ड्रेन प्लग किंवा खालचा होज पाइप सोडायचा. निघालेलं कूलंट मोजा! इथं बहुतेक जण फसतात. समजा, एकूण क्षमता ५ लिटर आणि बाहेर आले ३. उरलेले २ ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या पोटात. डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून स्वच्छ केलंत, की आत राहिलेले ते २ लिटर म्हणजे जवळपास नुसतं पाणी. त्यावर तयार, निम्मं-निम्मं कूलंट ३ लिटर ओतलं तर ग्लायकॉल दीड लिटर, म्हणजे फक्त ३० टक्के. पन्नास हवे असतील तर अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि अर्धा लिटर पाणी. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आतली हवा काढायची.

घमेल्यातलं कूलंट गटारात नको. जयंती नाल्यातून ते पंचगंगेला जातं. ग्लायकॉल गोडसर लागतं, गल्लीतली कुत्री ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. लहान मुलांनाही तोच धोका. घट्ट झाकणाच्या कॅनवर ‘विष’ लिहून ठेवा, आणि ते घेणारं गॅरेज सापडलं की द्या. जुन्या ऑइलमध्ये मिसळू मात्र नका.

दोन दिवसांनी सकाळी, गार गाडीची पातळी बघा. बोटभर उतरली असेल तर ती हवा सुटल्याची जागा. तेवढं भरून टाका. पुन्हा उतरली, तर फरशीवर वाकून डाग शोधा. कूलंटला रंग दिलेला असतो त्याचा उपयोग होतो तो इथं.